जपान मागे, नंदुरबार बाहेर

आपण जपानला मागे टाकलं. मे 2025 मध्ये नीती आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. व्ही. आर. सुब्रह्मण्यम यांनी तसं जाहीर केलं, म्हणजे टाकलंच असणार. आधार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एप्रिलच्या तक्त्याचा. भारत 4,187 अब्ज डॉलर, जपान 4,186 अब्ज डॉलर. आकडे अख्ख्या 2025 सालाचे, आणि साल संपायला अजून सात महिने बाकी.

निकाल आधी, परीक्षा नंतर. आपल्या विद्यापीठांनी शिकण्यासारखं आहे.

व्हॉट्सॲपवर भुसावळपासून दोंडाईच्यापर्यंत झेंडे फडकले. मग ऑक्टोबर आला आणि नाणेनिधीने नवा तक्ता काढला. त्यात 2025 साठी जपान पुन्हा पुढे.

त्या दिवशी एकही फॉरवर्ड आला नाही. रेंज नसावी.

बरं, जपान म्हणजे केवढा? बारा-साडेबारा कोटी माणसं. 2011 च्या जनगणनेत एकटा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता. म्हणजे एका महाराष्ट्राएवढ्या गड्याला 140 कोटींनी मिळून धरलं, गुणांवर कसंबसं पाडलं आणि पंचांनी मागाहून निकाल फिरवला. आता दरडोई बघा. जपान्याच्या वाट्याला वर्षाला 33-34 हजार डॉलर. आपल्या वाट्याला तीन हजारांच्या आत.

एकास बारा. हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे, म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही.

धुळ्याकडच्या एका आप्पांनी पारावर बसून सगळा हिशोब ऐकला आणि विचारलं, "आपला देस चौथा शे, मंग मना नंबर कितवा?" उत्तर द्यायला नीती आयोगाचं कोणी हजर नव्हतं.

खरी गंमत मापाची आहे. ऑक्टोबर 2020 आठवतो का? नाणेनिधीचा अंदाज आला की त्या वर्षी दरडोई उत्पन्नात बांगलादेश भारताच्या पुढे जाणार. डॉलरच्या बाजारभावाने. झालं! दिल्लीत लगेच साक्षात्कार झाला की डॉलरचा बाजारभाव हे काही खरं माप नव्हे; क्रयशक्तीने मोजा, एकूण आकार बघा, मग आपण कुठल्या कुठे पुढे. पाच वर्षांनी जपानचा विषय निघाला, तेव्हा तोच डॉलरचा बाजारभाव एकदम पवित्र झाला.

क्रयशक्तीने मोजलं तर आपण केव्हाच तिसरे आहोत. मग चौथ्या नंबरचे पेढे कशाचे? नापास झालेल्या मुलाने दोन प्रगतिपुस्तकं बाळगावीत, तसा कारभार.

क्रयशक्ती म्हणजे काय, हे खानदेशात समजावून सांगायला सोपं आहे. हिवाळ्यात बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि सोबत कळण्याची भाकरी. यावलच्या शेतात पोटभर खाल्लं तरी खिशाला कळत नाही. तेच ताट न्यूजर्सीत मांडा, डोळ्यांत पाणी येईल आणि मिरचीमुळे नव्हे. तेव्हा आपला रुपया दिसतो त्यापेक्षा जास्त विकत घेतो, हे अर्थशास्त्र्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण स्वस्त काय आहे ते बघा. जे माणूस हाताने करतो, तेच स्वस्त आहे. पेट्रोल स्वस्त नाही, मोबाइल स्वस्त नाही, पोराच्या इंजिनिअरिंगचं डोनेशन तर मुळीच नाही.

भरीत स्वस्त, कारण ते भाजणारी बाई स्वस्त. तिची कमी मजुरी आपण देशाच्या क्रयशक्तीच्या खात्यात जमा करतो आणि वर अभिमान बाळगतो.

अमेरिकेतल्या भाच्याचं याच्या उलट. त्याचा पगार घरातलं प्रत्येक माणूस नव्वदने गुणतं. डिसेंबर 2025 मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली, तेव्हा भाच्याला इथे बसल्या बसल्या पगारवाढ मिळाली. त्याचं घरभाडं आणि विम्याचा हप्ता मात्र कोणी गुणत नाही.

मुलीकडची मंडळी तर नाहीच नाही.

देशादेशांची ही तुलना आजची नाही. दादाभाई नौरोजींनी 1870 च्या दशकात हिशोब मांडला की हिंदी माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न 20 रुपये. नुसती इंग्लंडशी तुलना करून ते थांबले नाहीत. तुरुंगात कैद्याला जेवढं अन्नवस्त्र मिळतं, तेवढंसुद्धा सरासरी रयतेच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी सरकारच्याच कागदांवरून दाखवलं. माप असं हवं. अब्ज नाही, डॉलर नाही, कैद्याची भाकरी. सरकारने पुढे आपले आकडे काढले. 1882 मध्ये 27 रुपये, 1901 मध्ये कर्झनसाहेबांनी 30 रुपये.

सरकारचा आकडा तेव्हाही वरचाच असायचा. परंपरा जुनी आहे.

आता आकडेच कितपत खरे, असं विचारलं की तुम्ही देशद्रोही. पण नोव्हेंबर 2025 मध्ये नाणेनिधीनेच आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीला 'क' श्रेणी दिली. ज्या नाणेनिधीचा तक्ता मे महिन्यात वेदवाक्य होता, तोच नाणेनिधी. तक्ता त्यांचा खरा, शेरा त्यांचा खोटा.

असो. क्रमांक सुधारायला आकडे बदलावेच लागतात असंही नाही. आमच्या खानदेशात त्याहून सोपी युक्ती झाली आहे.

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा काढला. धुळ्याकडे धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा हे चार तालुके राहिले. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा, अक्राणी हे सहा तिकडे गेले. सातपुड्याच्या डोंगरांतली वस्ती तिकडे, कुपोषण तिकडे, पावसाळ्यात खाटेची झोळी करून आणावे लागणारे रुग्णही तिकडे. जिल्हा विभागण्याला कारणं होती, चांगलीही होती. अक्कलकुव्याच्या माणसाने एका दाखल्यासाठी धुळ्यापर्यंत का खेटे घालावेत? पण गणित काय झालं ते पाहा. 30 जूनच्या रात्री धुळ्यात जो जेवढा कमवत होता, तेवढंच 1 जुलैच्या सकाळी कमवत होता. कोणाच्या खिशात एक रुपया वाढला नाही. धुळे जिल्ह्याची सरासरी मात्र एका रात्रीत वर.

विकास म्हणतात तो हाच. गरीब हटला, गरिबी होती तिथेच आहे, फक्त पत्ता बदलला.

राज्याच्या 2012 च्या मानव विकास अहवालात नंदुरबार सगळ्या जिल्ह्यांत तळाला होता. साहजिक आहे. एकत्र असता तर धुळ्याच्या सरासरीत विरघळला असता आणि कोणाला दिसलाच नसता. म्हणजे वेगळं काढलं तर धुळं देखणं होतं, एकत्र ठेवलं तर नंदुरबार झाकला जातो. सरासरीला दोन्हीकडून फायदा. नंदुरबारला कोणत्या बाजूने?

आता हाच खेळ उलटा खेळू. महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या वर गेलं म्हणतात. त्यातून मुंबई, ठाणे, पुणे काढा आणि उरलेल्या महाराष्ट्राची सरासरी सांगा. सांगा ना! विभागीय असमतोल मोजायला 1983 मध्ये दांडेकर समिती नेमली, 2011 मध्ये केळकर समिती नेमली. दोन्ही समित्यांनी जाडजूड अहवाल दिले. असमतोलाचं पुढे काय झालं, ते तिसरी समिती सांगेल.

मुंबईचं शांघाय करायचं होतं, तो काळ गेला. आता महाराष्ट्र 'ट्रिलियन डॉलर' होणार आहे, 2028 पर्यंत. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्याचे आराखडे तयार आहेत. जळगावात बैठक होते, पडद्यावर ट्रिलियन झळकतो, चहा येतो. बाहेर शिपाई विचारतो, उद्या नळाला पाणी आहे का?

पाण्यावरून अमळनेर आठवलं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला हेवा वाटावा असं हे गाव. 29 डिसेंबर 1945 रोजी इथे वनस्पती तुपाची एक कंपनी स्थापन झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच आजची विप्रो. गावातल्या ज्यांनी तेव्हा शेअर घेतले आणि विकले नाहीत, त्यांच्या पुढच्या पिढ्या कोट्यधीश झाल्या. तूप अमळनेरचं, सॉफ्टवेअर बंगळुरूचं. आता राज्याचं उत्पन्न जिथे काम होतं तिथे मोजतात. म्हणून वाढ कर्नाटकाच्या खात्यात, शेअर अमळनेरच्या तिजोरीत. ज्यांच्या आज्याने तेव्हा शेअर घेतला नाही, त्यांच्यासाठी सरासरी आहेच.

याच तालुक्यात तापीवर पाडळसे धरण व्हायचं आहे. 1990 च्या दशकापासून व्हायचंच आहे. खर्चाचा अंदाज तेवढा शेकडो कोटींवरून हजारो कोटींवर पोहोचला. भिंतीपेक्षा तो लवकर उंच झाला. राष्ट्रीय उत्पन्नाचं असं असतं की सिमेंट ओतलं की ते वाढतं. पाणी अडलं का, हे ते विचारत नाही. सायमन कुझनेट्सने अमेरिकेचं राष्ट्रीय उत्पन्न मोजून दिलं, तेव्हा 1934 मध्येच त्याने अमेरिकी संसदेला बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं बरंवाईट ठरवू नका. त्याला पाडळसे ठाऊक नसताना हे सुचलं, हे विशेष.

आणि कापूस? ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के आयात शुल्क लावलं. त्याच महिन्यात आपण परदेशी कापसावरचं 11 टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं, कापड उद्योगाला दिलासा म्हणून. बोंडं फुटायची होती तेवढ्यात. त्यांनी मारलं आणि आपण रडलो नाही, उलट दार उघडलं. चोपड्याचा शेतकरी आणि टेक्ससचा शेतकरी त्या हंगामात एकाच बाजारात उभे राहिले. टेक्ससवाल्याच्या मागे त्याचं अनुदान उभं असतं.

चोपडेवाल्याच्या मागे सोसायटीचा सचिव.

तरी खानदेशी माणूस हुशार आहे. देशादेशांच्या तुलनेसाठी तो तक्ते बघत नाही, गाडीचं वेळापत्रक बघतो. पोरगं दहावी-बारावी झालं की तापी लाइनच्या गाडीत बसवायचं आणि सुरतेला पाठवायचं. उधना, लिंबायत, दिंडोली इथे अर्धा खानदेश नांदतो. अहिराणी ऐकायला तिथे कान द्यावा लागत नाही. पोरगं तिथे लूमवर उभं राहतं आणि त्याच्या घामाचं उत्पन्न गुजरातच्या तक्त्यात चढतं. मग निवडणुकीत कोणीतरी पारोळ्याला येऊन आपल्याला सांगतं, गुजरात बघा कसा पुढे गेला!

बघतोय की. आमच्याच पोरांनी ढकलला.

तापीचंही तेच. खानदेशभर वाहते आणि उकाई धरणात जाऊन थांबते. उकाई 1972 मध्ये पूर्ण झालं, कारण ते गुजरातेत होतं. आणि देशाच्या पाण्याचं खातं सध्या ज्यांच्याकडे आहे, ते जलशक्तिमंत्री सी. आर. पाटील जन्माने जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतचे. खासदार मात्र नवसारीचे.

पाणी, पोरं आणि मंत्री, तिन्हींची दिशा एकच. मंत्री तेवढे विमानाने जातात.