दप्तर जुलैचं, शाळा जूनची

शाळा भरते जूनच्या मध्यावर. सेवाभावी क्लबांचं वर्ष उजाडतं १ जुलैला. या दोन तारखांच्या मधल्या पंधरवड्यात नगर जिल्ह्यातल्या गरीब पोराने वही मागू नये. जुने अध्यक्ष निरोपाच्या जेवणांत गुंतलेले, नव्यांच्या गळ्यात अजून कॉलर पडलेली नाही. द्यायची कोणी, हा घटनात्मक पेच होऊन बसतो. रोटरी घ्या की लायन्स, दोघांचं पंचांग शिकागोचं. रोटरी १९०५ ची, लायन्स १९१७ ची. तिकडे जुलैत शाळांना सुट्टी असते. इकडे पोरगं तोवर मागल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढून, दाभणाने शिवून नवी वही करून मोकळं झालेलं असतं. (पुस्तकं सरकार देतं. मध्यंतरी २०२३-२४ पासून पुस्तकातच कोरी पानं जोडून वहीचाही प्रश्न मिटवला होता. मग मिटवणं रद्द झालं.)

तर जुलै येतो. नगरमधल्या सावेडीच्या एखाद्या हॉटेलात पदग्रहण सोहळा होतो. प्रांतपाल येतात, घंटा वाजते, कॉलर या गळ्यातून त्या गळ्यात जाते आणि नवे अध्यक्ष वर्षाचा संकल्प वाचून दाखवतात: वृक्षारोपण, रक्तदान, दंततपासणी, शालेय साहित्य वाटप. यादी मागल्या वर्षीचीच असते. फ्लेक्स मात्र नवा लागतो, कारण फोटो बदललेला असतो. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा फ्लेक्सवाल्याला जे सुख लाभलं, ते क्लब त्याला दरवर्षी देतात.

एका जिल्हा परिषद शाळेतलं असं वाटप पाहिलं. मुलं साडेनऊपासून पटांगणात रांगा धरून बसलेली, पाहुणे साडेअकराला आले. तोवर पहिलीच्या पोरांना गुरुजींनी दोनदा पाणी प्यायला सोडलं आणि स्वागतगीताची तिसरी तालीम उरकली. मग सत्कार. पाहुण्यांचा शाळेकडून, शाळेचा पाहुण्यांकडून, आणि राहिलेल्यांचा राहिलेल्यांकडून. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. मनोगतं झाली. शेवटी मुलांची पाळी आली. दप्तर, सहा वह्या, कंपासपेटी आणि पाण्याची बाटली.

तिसरीतली एक मुलगी पुढे बोलावली. दप्तराला एक हात अध्यक्षांचा, एक सचिवांचा, एक प्रकल्पप्रमुखांचा. पोरीच्या वाट्याला पट्टा आला. "बेटा, इकडे बघ, हास." हसली. तेवढ्यात मोबाइलवर बोलत बाजूला गेलेले खजिनदार परतले. त्यांच्याविना फोटो कसा चालेल? दप्तर परत घेतलं, खजिनदारांचा हात लागला, पुन्हा दिलं. दुसऱ्यांदा ती हसली नाही. एकच दप्तर तिला दोनदा मिळालं. महिन्याच्या अहवालात लाभार्थी एक धरले की दोन, देव जाणे.

हसू नका, सगळं दुखणं त्या अहवालात आहे. क्लबाला वर कळवावं लागतं: उपक्रम कोणता, खर्च किती, लाभ किती जणांना. दोनशे पोरांना दप्तरं वाटली की रकान्यात २०० आणि काम अर्ध्या दिवसाचं. एका पोराला पहिलीपासून दहावीपर्यंत हाताशी धरलं तर रकान्यात १, आणि तोही प्रत्येक वर्षी नव्या अध्यक्षाला तोच १ मिरवावा लागणार. वर्षअखेरीच्या बक्षीस समारंभात 'एक' घेऊन कोण जाईल? पहिलीतलं पोर दहावीला पोचेपर्यंत क्लबात दहा अध्यक्ष होतात. प्रत्येकाला स्वतःचा प्रकल्प हवा. आधीच्याने बसवलेलं पाण्याचं फिल्टर बंद पडलं तर नवा अध्यक्ष त्याची कँडल बदलत नाही. तो शेजारी हात धुवायचं बेसिन बांधतो आणि त्याच्यावर स्वतःची पाटी लावतो.

फोटोचं निघालंच आहे तर वसतिगृहात किंवा अनाथाश्रमात वाढदिवस साजरा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ऐकून ठेवावी. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असा मजकूर वा फोटो छापायला २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केक भरवतानाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी क्लबातल्या एखाद्या वकील सभासदाला विचारा. प्रत्येक क्लबात निदान तीन वकील असतातच, बहुतेक वेळा ते जेवणाची व्यवस्था पाहत असतात.

आता म्हणाल, हा माणूस चांगल्या कामाला नाट लावतो. नाही लावत. क्लबातली माणसं खिशातले पैसे घालतात, दुकान बंद ठेवून उन्हात उभी राहतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच राग येतो. कारण जमतं कसं, हे याच क्लबांनी जगाला दाखवलंय. रोटरीने १९८५ साली पोलिओ घालवायचं मनावर घेतलं. भारतातली शेवटची पोलिओग्रस्त मुलगी हावड्याची, जानेवारी २०११ मधली. २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. सरकार होतं, आरोग्य सेविका होत्या, मान्य. पण या एकोणतीस वर्षांत गावोगावच्या क्लबात एकोणतीस अध्यक्ष होऊन गेले आणि एकानेही "मागच्यांनी पोलिओ केला, मी कांजिण्या करतो" असं म्हटलं नाही. लायन्सना हेलन केलरबाईंनी १९२५ साली अंधांच्या कामाला जुंपलं, ते आजही मोतीबिंदूची शिबिरं घेतायत. थोडक्यात, चिकाटी यांच्या रक्तात आहे. फक्त ती वरून आदेश आला तरच वाहते.

दूर कशाला, जिल्ह्यातच बघा. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं १९७० साली जामखेडला आलं. त्यांनी शिबिरांवर भागवलं नाही. गावातल्याच बायका, कित्येक निरक्षर, आरोग्याचं काम शिकवून तयार केल्या. मुलाचं वजन करणारी बाई त्याच आळीतली. पुढच्या महिन्यात वजन घटलं तर तिला चुलीपर्यंत जाऊन विचारता येतं. १९७९ साली मॅगसेसे मिळालं, त्यानंतरही काम चालूच राहिलं. नगर शहरात डॉ. गिरीश कुलकर्णी आणि सोबतच्या तरुणांनी १९८९ साली वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी स्नेहालय सुरू केलं. त्या मुलांना रात्री झोपायला जागा लागायची, आणि रात्र तर रोज होते. तिथे 'यंदाचा उपक्रम' म्हणायची सोय नव्हती.

आणि आपल्या पोरांचं खरं वर्ष कधी सुरू होतं, हे क्लबांनी पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कुठल्याही गुरुजींना विचारावं. जूनमध्ये नाही, जुलैतही नाही. ते सुरू होतं दिवाळीच्या आगेमागे, मुकादमाची उचल घेतलेला कोयता ऊसतोडीसाठी गाव सोडतो तेव्हा. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं हिशेबात नसतात, पण ट्रॅक्टरमध्ये असतात. राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात प्रवरानगरला उभा राहिला आणि ऊस तोडायला पोरं-बाळं घेऊन घर सोडणाऱ्या टोळ्याही याच जिल्ह्यातून निघतात. जुलैत फोटोत दप्तर धरलेली मुलगी नोव्हेंबरात फडाशेजारच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळत बसते. दप्तराचा उपयोग होतो. त्यात भाकरी राहते, भावाचे कपडे राहतात.

तिला गावात ठेवून घ्यायला हंगामी वसतिगृह असतं, निदान कागदावर. आजी असली तर आजी असते. आजीजवळ राहणाऱ्या पोराला सहा महिने दोन वेळचं जेवण, संध्याकाळी अभ्यासाला एक ताई, आजारी पडलं तर दवाखान्यात नेणारं कुणी, एवढंच लागतं. एका शाळेतली वीस पोरं धरली तरी क्लबाच्या एका पदग्रहणाच्या जेवणावळीत यातला बराच खर्च निघेल, असा माझा अंदाज. खजिनदारांनी खोडून काढावा. अडचण एकच आहे. यात फ्लेक्स लावायला जागा नाही. पोरगं गावातच राहिलं, याचा फोटो काढायचा कसा?

नोव्हेंबरच्या सभेत पहिला विषय दिवाळी पहाटच्या गायकाच्या मानधनाचा असेल, असू दे. गाणं झालंच पाहिजे. तो मिटला की कुणीतरी जुलैतल्या त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक फोन लावा आणि विचारा, आम्ही दिलेल्या दप्तरांपैकी आज वर्गात किती आली. नंबर सचिवांकडे आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी "मुलं स्वच्छ गणवेशात ठेवा" हे सांगायला त्यांनी त्याच नंबरावर चारदा फोन केला होता.