पुरावा गाडणारं यंत्र

गुन्हा करायचा आणि पुरावाही जागच्या जागी गाडून टाकायचा, ही सोय शेतीच्या अवजारांत एकट्या पेरणी यंत्राला आहे. नांगर चुकला तर ढेकळं लगेच चुगली करतात. मळणी यंत्र बिघडलं तर भुसकटात दाणे दिसतात. पेरणी यंत्राची नळी मात्र तुंबली तरी फण इमानदारीनं रेघ ओढत जातो, मागून माती पडते आणि रान झकास पेरल्यासारखं दिसतं. निकाल लागतो आठवडाभरानं, तोही येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यावरून वाचता येईल असा: चार तासं हिरवी, पाचवं कोरं, आणि हाच नमुना या बांधापासून त्या बांधापर्यंत. म्हणून माझं म्हणणं असं, की जुनं पेरणी यंत्र चालवायला डिझेल, ताकद आणि अनुभव यांच्याआधी संशय लागतो.

हा संशय यंत्र शेडमधून निघतानाच सुरू व्हावा. टॉप लिंकची मूळ पिन कधीच हरवलेली असते आणि तिच्या जागी ‘सध्यापुरता’ घातलेला बोल्ट तीन हंगाम नोकरीत कायम झालेला असतो. शिवाय शेतात जाऊन पोती कोण उचलणार, म्हणून बी आणि खत घरूनच पेटीत भरायची फार हौस. मग पाणंदीच्या प्रत्येक खड्ड्यात खत दाबून दाबून बसतं, मागच्या वजनानं ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग केवळ सल्लागार उरतं. त्यातून यंत्राचं चाक नीट उचललेलं नसेल, तर ते रस्त्यावर फिरतं, पेटीतला रोलर फिरवतं आणि पाणंदीत सोयाबीन टाकत जातं. पेटी रिकामी, चाक अधांतरी, पिना तपासलेल्या आणि यंत्रावर माणूस एकही नाही, एवढं जमलं तरच यंत्र ‘शेतात पोचलं’ म्हणावं.

शेतात खरी उलटतपासणी होते, आणि तिला साक्षीदार म्हणून वजनकाटा पुरतो. समजा, पाच फण ४५ सेंटिमीटरवर लावलेत, म्हणजे पेरणीची रुंदी सव्वादोन मीटर. चाकाचा घेर दीड मीटर असेल, तर २० फेऱ्यांत ३० मीटर अंतर, म्हणजे साडेसदुसष्ट चौरस मीटर रान झालं. एकराचा साठावा भाग. एकरी ३० किलो सोयाबीन पाडायचं असेल, तर यंत्र उचलून चाकाला २० फेरे दिल्यावर अर्धा किलो बी पडायला हवं. पण नुसत्या बेरजेवर भुलू नये. प्रत्येक नळीखाली वेगळी पिशवी बांधावी. एकीनं १५० ग्रॅम आणि दुसरीनं ५० ग्रॅम टाकलं तरी हिशेब जुळतो, पीक जुळत नाही. सोयाबीनचं साल पातळ. रोलरनं फोडलेले दाणे वजनात भरतात, पण उगवत नाहीत. म्हणून पिशवीत डाळ दिसते का, तेही बघावं. आणि फण टेकवायचे ते ट्रॅक्टर पुढे सरकत असतानाच. उभ्या जागी टेकवले किंवा टेकलेले असताना मागे घेतले, की नळ्यांची तोंडं मातीनं बंद झालीच.

‘वाफसा थांबत नाही, एवढा वेळ कुणाला आहे?’ हा आक्षेप वजनदार आहे. पण पाऊण तास वाचवून दुबार पेरणी ओढवून घेणाऱ्याचा वेळ कुठं वाचला, हे मला कळलेलं नाही. दुसरा पक्ष म्हणतो, नवं यंत्र घ्या. जरूर घ्यावं; पण नव्या यंत्राची पेटीही झाकलेलीच असते आणि तुंबण्याला वयाची अट नाही. जुन्याचा एक फायदा असा, की त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. नवं यंत्र चकचकीत रंगाच्या जोरावर पहिल्या हंगामात सहज फसवून जातं. तिसरे म्हणतात, यापेक्षा आपली तिफण बरी होती. यात तथ्य आहे, पण ते लाकडात नाही. चाड्यावर मूठ धरून बी सोडणाऱ्या बाईच्या बोटांना दाणा कळायचा, नळी तुंबली की डोळ्यांना दिसायची. यंत्र आल्यावर आपण तिचे हात काढले, त्याबद्दल तक्रार नाही; तिची नजरही काढून टाकली, ही चूक. ट्रॅक्टर हाकणारा पुढं बघतो आणि सगळा व्यवहार त्याच्या पाठीमागं होतो. तेव्हा यंत्रामागून नळ्यांवर डोळा ठेवत चालणाऱ्या माणसाची मजुरी वाचवू नये. मालक स्वतःच चालले तर उत्तमच. फक्त त्यांनी तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवावा.