श्रीमान फुल बॉडी चेकअप यांस

मु. पो. आमचा मोबाइल

सा. न. वि. वि.

दसऱ्याचं सोनं वाटून होत नाही तोच तुमचा मेसेज हजर. ७२ तपासण्या, ५,९९९ रुपयांवर फुली, आजच्यापुरते १,४९९. आई-बाबांचंही करून घेतल्यास आणखी सूट. आमच्या आई-बाबांची इतकी काळजी आम्हीही करत नाही.

आमचे मेहुणे चिकित्सक. त्यांनी यादी उघडून वाचली. एकूण कोलेस्टेरॉल एक, एचडीएल दोन, एलडीएल तीन. मग त्यांनाच एकमेकांनी भागून चौथी आणि पाचवी तपासणी. युरियाला क्रिएटिनिनने भागलं की आणखी एक. शाळेत याला आम्ही भागाकार म्हणायचो आणि गुरुजी त्याचे वेगळे पैसे घेत नसत.

तुमची लाल शाई तर लाजवाब. 'नॉर्मल'ची चौकट साधारणपणे आखतातच अशी, की शंभर निरोगी माणसांतली पाच बाहेर राहावीत. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही किमान एक आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के. तुम्ही तर बहात्तर करता! मग त्या लाल आकड्यापायी सोनोग्राफी आणि सोनोग्राफीपायी आणखी काही. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी अशीच पॅकेजात जोडून दिली जायची. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३च्या पंधरापट झालं. मृत्यू मात्र जवळपास होते तेवढेच.

साखर तुम्ही तपासता, ती कामाची. पण १४०/९०च्या वर गेलेला रक्तदाब तुमच्या बाटलीत उतरत नाही, त्यासाठी दंडाला पट्टा बांधावा लागतो. गालात तंबाखूची गोळी आणि तिच्याखाली पांढरा चट्टा घेऊन बसलेल्या माणसाचाही रिपोर्ट तुम्ही हिरवागार पाठवाल, कारण त्याला 'आ' करायला कुणी सांगितलंच नाही.

या तपासण्यांची वाट दाखवते ती आशाताई. तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायला ती दारात येते, तंबाखूचं विचारते, कमरेला टेप लावते, पुढच्या तपासणीला आरोग्य केंद्रात बोलावते. आणि आम्ही आतूनच ओरडतो, "घरी कुणी नाही!" तिच्याकडे सूट नाही हो, फुकटावर सूट कशी देणार? साधी तपासणी काय करू शकते ते पाहा: मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने डॉक्टर नसलेल्या बायकांना शिकवून तयार केलं. व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसिटिक आम्ल लावून त्या गर्भाशयमुख तपासत, दर दोन वर्षांनी. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या अभ्यासात एचपीव्ही या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या बायकांच्या गटात हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या यादीत भागाकार नव्हता.

तेव्हा एक विनंती. सकाळी सातला तुमचा मुलगा रबरी पट्टी घेऊन येतोच, तर सुई टोचण्याआधी त्याने दंडाला दुसराही पट्टा बांधावा. आमच्या बाबांना तोंड उघडायला सांगावं. आईला विचारावं, "काकू, खालची तपासणी कधी केली होती?" तो लाजेल, काकू त्याच्याहून जास्त लाजतील, तर मग आशाताईंचा नंबर देऊन यावं. या सगळ्याला त्र्याहत्तरावी तपासणी म्हणून मोजायला आमची काहीएक हरकत नाही.

आपला,
ड जीवनसत्त्व वगळता हिरवा