नमुना पाच संपला आहे

कामाची मागणी शून्य, म्हणून बेकारी भत्ता शून्य, म्हणून तक्रारी शून्य. तालुक्याच्या आढावा बैठकीत हे तीन शून्य एका ओळीत झळकले की साहेबांना बिनसाखरेचा चहाही गोड लागतो. बाहेर ओट्यावर काम मागायला आलेल्या बाया बसलेल्या असतात, पण त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर नसतात.

रोजगार हमीवर काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. २००५ च्या कायद्यात पहिले ३० दिवस मजुरीचा किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मी. हे पंधरा दिवस मोजायचे कुठून? तर तारीख घातलेल्या पोचपावतीपासून. नमुना चार भरून काम मागायचं, नमुना पाचवर पोच घ्यायची.

नमुना चार कधीही मिळतो, वाटल्यास दोन घ्या. नमुना पाच मात्र संपलेला असतो. छापून आला, तर शिक्का तालुक्याला गेलेला असतो. शिक्का परत आला, तर शाईचा पॅड वाळलेला. पॅडवर पाणी शिंपडलं, तर शिक्क्यावरचं तारखेचं चाक गेल्या वर्षावर अडकलेलं. चाक फिरलंच, तर ते फिरवायचा अधिकार असलेले ग्रामसेवक मीटिंगला. उरतो रोजगार सेवक. त्याचंही मानधन थकलेलं, त्यामुळे त्याच्यावर ओरडायलाही जीव होत नाही. तो म्हणतो, "काकू, पोच कशाला पाहिजे? माझ्यावर विश्वास नाही का?" काकू म्हणतात, "तुझ्यावर आहे रे दादा, म्हणून तर तुझ्याकडनं लिहून मागते." शेवटी अर्ज घेतला जातो, पण तारखेची जागा कोरी ठेवून. ती कोरी जागा हेच या योजनेचं सर्वांत टिकाऊ बांधकाम. दोनेक महिन्यांनी मस्टर निघालं की त्या कोऱ्या जागेत त्याच आठवड्याची तारीख भरायची. संगणकात सोमवारी मागितलं, गुरुवारी मिळालं! मधले दोन महिने काकू उसाच्या फडात, वीटभट्टीवर की उपाशी, हा प्रश्नच उद्भवत नाही. संगणकाच्या मते त्या काळात त्यांना कामाची इच्छा नव्हती.

या सगळ्याला अजागळपणा म्हणू नका, यात हिशेब आहे. २००५ च्या कायद्यात मजुरी केंद्राच्या पैशातून, बेकारी भत्ता मात्र राज्याच्या तिजोरीतून. दंड ज्याच्या खिशातून जायचा, गुन्ह्याची तारीखही त्यानेच लिहायची. कुठला शहाणा लिहील? महाराष्ट्राने ही हमी १९७७ सालीच कायद्यात घातली, तेव्हा भत्त्याची किमान रक्कम होती दिवसाला एक रुपया. पुढे कायदे बदलले, नावं बदलली, फलकांवरचे रंग बदलले. तारखेची जागा कोरीच.

आणि तंत्रज्ञान नाही, असं मला कुणी सांगू नये. काम मिळालेल्या बाईचा दिवसातून दोनदा फोटो निघतो, वेळेसकट, अक्षांश-रेखांशासकट, कारण ती कामावरून पळून जाईल असा संशय असतो. रेंज नसेल, फोटो चढला नाही, तर दिवसभर खणूनही तिची हजेरी धोक्यात. मग काम मागायला दारात उभ्या राहिलेल्या त्याच बाईचा एक, फक्त एक फोटो का काढता येत नाही? मोबाइल तोच, बाई तीच, ऊनही तेच! पण तो फोटो काढला तर वेळ कुणाची नोंदली जाईल, हे मोबाइल देणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. गरिबाची चोरी सेकंदात पकडायची, सरकारची उधारी मात्र वाळलेल्या पॅडवर सोडून द्यायची, आणि वर 'पारदर्शक कारभार' असा फ्लेक्स लावायचा.

एका कार्यकर्त्याने यावर उपाय काढला. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचे, तारखेची पावती पोस्टातच मिळते. काकूंनी पदरचे पैसे घालून पाठवला. लिफाफा परत आला, वर शेरा: 'कार्यालय बंद'. वार बुधवार होता, आणि आत आढावा बैठक चालू होती.