सुरतेवर तिसरी स्वारी

आम्ही मूळचे अमळनेरचे. सुरतेत येऊन वीस वर्षं झाली, तरी समोरच्या फ्लॅटमधले काका लिफ्टमध्ये भेटले की विचारतातच, "केम, तमे मराठाओ पाछा आव्या?" 1664 आणि 1670 या दोन्ही सालांच्या सुरत-लुटीची उधारी त्यांनी माझ्याच खात्यावर मांडली आहे. मीही हसून घेतो. पण परवा काकांची तिजोरी खरोखरच माझ्या हाती लागली, आणि तीही मी बनियनवर सोफ्यात लोळत असताना.

झालं असं, की दारातून माझ्या नव्याकोऱ्या चपला गेल्या आणि हिने वायफायचा कॅमेरा हवाच म्हणून हट्ट धरला. आमच्या इमारतीत सगळ्यांचे कॅमेरे एकाच पोऱ्याने बसवलेत, इंटरनेटही एकाच केबलवाल्याचं. पोऱ्या शिडीवर चढला, भोक पाडलं, 'ॲडमिन123' एवढं सांगून पैसे घेऊन गेला. मी मोबाइलवर कॅमेरा शोधायला लागलो, तर यादीत एक नाही, अकरा! त्यातल्या एकावर बोट ठेवलं, तोच पासवर्ड टाकला. घर उघडलं. ते आमचं नव्हतं.

काका महिधरपुऱ्यात हिऱ्यांची दलाली करतात. पांढऱ्या दिव्याखाली मांडी घालून बसले होते. समोर कागदाची पुडी उलगडलेली, डोळ्याला भिंग, चिमट्याने एकेक खडा उचलायचा, ओठातल्या ओठात मोजायचं. मग उठले, तिजोरीपाशी गेले आणि काकूंनाही दिसू नये म्हणून खांदा आडवा धरून आकडे दाबले. कॅमेरा मात्र बरोबर डोक्यावर. सहाच्या सहा आकडे मला पाठ झाले. (लग्नाची तारीख इतक्या वर्षांत पाठ झाली नाही, हे हिने तेवढ्यात ऐकवलं.)

1664 मध्ये सुरतेचा मुघल अधिकारी इनायतखान निदान किल्ल्याचं दार लावून तरी बसला होता. आपण दार लावतो, पण किल्ली कारखान्यातूनच गावभर वाटलेली असते. 2016 मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने असे साठेक ठरलेले पासवर्ड घरोघरच्या कॅमेऱ्यांना नुसते लावून पाहिले. लाखो उपकरणं फितूर झाली आणि 21 ऑक्टोबरला त्या फौजेने अमेरिकेतल्या बड्या बड्या वेबसाइट काही तास आडव्या केल्या. ते लांबचं वाटत असेल, तर फेब्रुवारी 2025 मध्ये उघडकीस आलेलं राजकोटचं प्रकरण घ्या. एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांची चित्रणं बाहेर विकली गेली. तिथला पासवर्डही 'ॲडमिन123'च निघाला, आणि पकडलेल्यांत लातूरचा होता तसा आमच्या सुरतेचाही. तिथे मात्र हसू येत नाही.

मी समोरची बेल वाजवली आणि काकांना त्यांचेच सहा आकडे म्हणून दाखवले. काका मटकन खाली बसले. काकूंनी आधी मला पाणी दिलं, मग त्यांना. तासाभरात तिजोरीचे आकडे बदलले, कॅमेऱ्याचं तोंड खिडकीकडे वळवलं, त्याचा पासवर्डही चांगला चौदा अक्षरांचा केला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काका भेटले. "नवो पासवर्ड याद राखजो," म्हणाले, "मी विसरलो तर तुम्ही आहातच." आणि चौदाच्या चौदा अक्षरं त्यांनी एकेक करून, खणखणीत आवाजात म्हटली. लिफ्टमध्ये आम्ही सात जण होतो. आठवा, कोपऱ्यात वर, कॅमेरा.