साडेचार टनांचा संसार

मे महिना लागतो, मेलबर्नमध्ये सकाळी गाडीच्या काचेवरचं दव पुसून काढायची वेळ येते, आणि काका-काकू उत्तरेकडे निघतात. त्यांची खरी नावं काहीही असोत. ऑस्ट्रेलियात दर हिवाळ्यात रस्त्यावर उतरणाऱ्या या पिकल्या केसांच्या जमातीला ‘ग्रे नोमॅड्स’ म्हणतात. आपल्यापुरते ते काका आणि काकू. काका सत्तरीला टेकलेले, अर्धी चड्डी, रुंद काठाची टोपी आणि खिशात टायरमधली हवा मोजायचं यंत्र. काकू वयाने दोन वर्षांनी लहान, पण कारभारात ज्येष्ठ. घराची किल्ली शेजारणीकडे, कुंड्या मुलीकडे, मांजर देवाघरी. मागच्या काचेवर स्टिकर आहे : ‘मुलांचा वारसा खर्च करीत आहोत’. मुलांनी तो पाहिला आहे. मुलं हसतात, फक्त किंचित उशिरा हसतात.

गाडी म्हणजे फियाट डुकॅटोच्या सांगाड्यावर बांधलेलं सात मीटरचं घर. त्यात पलंग आहे, शेगडी आहे, फ्रीज आहे आणि कपाटाएवढ्या जागेत शॉवर आणि संडास दोन्ही आहेत. त्या शॉवरमध्ये साबण खाली पडला तर तो उचलायला आधी दार उघडून बाहेर यावं लागतं.

पण या घराचा खरा मालक आहे एक आकडा : ४.५ टन. ऑस्ट्रेलियात साध्या मोटारीच्या लायसन्सवर एवढ्याच वजनापर्यंतचं वाहन चालवता येतं. त्याच्या वर गेलं की ट्रकचं लायसन्स आलं, आणि या वयात परीक्षेला बसायची काकांची तयारी नाही. गाडीचं स्वतःचं वजन, दोन माणसं, डिझेल, गॅसच्या टाक्या आणि पाणी धरलं की जे किलो उरतात, त्यांत संसार करायचा. पाणी तर उघडउघड पाप; शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, तिथे घासाघीस नाही. मग गावाबाहेरच्या वजनकाट्यावर गाडी चढते, कागदाचा चिटोरा बाहेर येतो आणि त्या रात्री घरात तह होतो. काकूंचं शिवणयंत्र जाणार असेल तर काकांची ओतीव लोखंडाची कढई गेली पाहिजे. काका म्हणतात, कढई सार्वजनिक उपयोगाची आहे. काकू म्हणतात, शिवणयंत्राने अजून कुणाची भाजी करपवलेली नाही. शेवटी दोन्ही वस्तू राहतात आणि काकांचे बूट कमी होतात.

वाइन मात्र खोक्यातली. पुठ्ठ्याच्या खोक्यात पिशवी घालून वाइन विकायची युक्ती साउथ ऑस्ट्रेलियातल्या टॉम अँगोव्ह यांची. १९६५ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. काच नाही, वजन नाही, खडखडाट नाही. अँगोव्ह यांचा पुतळा उभारायचा प्रस्ताव कुणी मांडला तर ही सगळी जमात वर्गणी देईल.

स्वातंत्र्यासाठी घर सोडलेल्या या माणसांचं वेळापत्रक पाहिलं की एखाद्या शाळेचा हेडमास्तर लाजेल. सहाला उठणं, साडेसहाला चहा, मग काकांची गाडीभोवती प्रदक्षिणा : झडपा बंद, पायरी आत, आकाशाकडची खिडकी खाली, शिडी बांधलेली. काकू आतून यादी वाचतात, काका बाहेरून ‘झालं’ म्हणतात. ‘झालं’ म्हणताना एकदा पायरी बाहेरच राहिली होती, ती गोष्ट चार राज्यांतल्या लोकांना माहीत आहे, कारण काकू ती सांगतात. नऊला निघायचं आणि काही झालं तरी तीनच्या आत मुक्कामाला पोचायचं. त्याला कारणही आहे. संध्याकाळी कांगारू चरायला रस्त्याकडेला येतात आणि दिव्याच्या झोतात कुठल्या बाजूला उडी मारतील याचा त्यांना स्वतःलाच अंदाज नसतो.

कामांची वाटणी कुणी लिहून दिलेली नाही, पण ती राज्यघटनेइतकी पक्की आहे. संडासाखाली एक बंद टाकी असते, साधारण अठरा-वीस लिटरची. ती दोन-तीन दिवसांनी बाहेर ओढून, चाकांवर ढकलत गावच्या ‘डम्प पॉइंट’वर रिकामी करायची. हे खातं काकांचं. सकाळी कॅराव्हॅन पार्कमध्ये पाहावं तर निवृत्त इंजिनिअर, निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्त बँक मॅनेजर अशी एक रांग आपापली टाकी घेऊन गंभीर चेहऱ्याने चाललेली असते आणि एकमेकांना हवामानाबद्दल विचारत असते. टाकीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. बाकी सगळी खाती काकूंची : नकाशा, औषधं, पैसे, नातवंडांचे वाढदिवस, आणि काका काय विसरले ते.

दुपारी गाडी जागेवर लावणं हा पार्कातल्या मंडळींचा फुकटचा खेळ. आधी आलेले लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसलेलेच असतात. काकू मागे उभ्या राहून हात हलवतात. त्यांच्या एका खुणेचा अर्थ ‘डावीकडे घे’ असा होतो आणि ‘माझ्या डावीकडे घे’ असाही होतो. कोणता, ते नळाच्या खांबाला गाडी घासल्यावर कळतं. गाडीला मागचा कॅमेरा आहे. काका कॅमेऱ्याकडे बघतात म्हणून काकू रागावतात आणि काकूंकडे बघतात तेव्हा कॅमेरा किंचाळतो. मग चाकांखाली पाचरी सरकवायच्या, फरशीवर पाणसळ ठेवायची. गाडी समतल नसली तर रात्रभर एकजण दुसऱ्याच्या अंगावर घरंगळतो. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर त्यात रोमँटिक काही उरत नाही, नुसती पाठ धरते.

साडेचारला ‘हॅपी अवर’. प्रत्येकाने आपली खुर्ची, आपला पेला, आपलं खाणं घेऊन यायचं. यजमान कुणीच नाही, त्यामुळे भांडी घासायचा प्रश्न नाही. संभाषणाचा क्रम ठरलेला : कुठून आलात, कुठे चाललात, डिझेल काय भावाने भरलंत, पुढचा रस्ता कसा आहे. आयुष्यभर काय नोकरी केलीत हे विचारायची पद्धत नाही. वर्तुळात एखादा निवृत्त न्यायाधीश बसलेला असेल तर असेल. मान मिळतो तो निवृत्त प्लंबरला. त्याच्या शेजारची खुर्ची कधी रिकामी नसते आणि त्याला स्वतःच्या खोक्यातली वाइन कधी काढावी लागत नाही.

या मेळाव्यांचं रीतसर मंडळही आहे. १९८६ साली सुरू झालेला ‘कॅम्परव्हॅन अँड मोटरहोम क्लब ऑफ ऑस्ट्रेलिया’ न्यूकॅसल शहरातून कारभार चालवतो, आणि ज्या गावांत मोटरहोमवाल्यांना स्वस्तात थांबायला जागा व डम्प पॉइंट आहे त्यांना ‘आरव्ही फ्रेंडली टाउन’ असा दर्जा देतो. गावाच्या वेशीवर तशी पाटी लागते. धान्याची कोठारं आणि एक पब एवढंच उरलेली आतल्या भागातली गावं या पाटीसाठी धडपडतात, कारण काका-काकू थांबले की बेकरीत जातात, औषधं घेतात, डिझेल भरतात आणि गावचं म्युझियम शेवटच्या गंजक्या नांगरापर्यंत पाहतात. तरुण पर्यटक हे यातलं एकही करत नाहीत.

ऑस्ट्रेलियाला पूर्ण वळसा घालणारा हायवे वन सुमारे साडेचौदा हजार किलोमीटरचा आहे, आणि तो एकदा तरी पुरा करणं हे या पंथाचं व्रत. वाटेवरची देवळं म्हणजे तिथल्या ‘बिग थिंग्ज’. कॉफ्स हार्बरला १९६४ पासून एक अवाढव्य केळं आहे, गुलबर्नला सिमेंटचा महाकाय मेंढा आहे, किंग्स्टनला सतरा मीटर उंच शेवंड आहे. काकूंकडे प्रत्येकासमोर उभ्या काकांचा फोटो आहे. सगळ्या फोटोंत काका त्याच टोपीत आणि तितक्याच अनिच्छेने उभे आहेत.

खरी कसोटी नलरबॉरच्या माळरानावर. तिथे एअर हायवेचा एक तुकडा १४६.६ किलोमीटर जराही वळत नाही. काका तिथे सुकाणूवर हात ठेवून बसतात, एवढंच त्यांचं काम. समोरून रोड ट्रेन येते, म्हणजे एका ट्रकला जोडलेले डबेच डबे. देशाच्या काही भागांत त्यांची लांबी ५३.५ मीटरपर्यंत जाते. ती गेली की तिच्या वाऱ्याने घर हलतं आणि कपाटातला चहाचा डबा पडतो. गाडी-गाडीत बोलायच्या सीबी रेडिओवर ट्रकवाल्यांचा चॅनल ४० आणि कॅराव्हॅनवाल्यांचा १८. काकू चोवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. त्या दोन्ही ऐकतात आणि चाळीसवरची भाषा ऐकून मनातल्या मनात गुण कापतात.

रस्त्यावर मध्येच विमानाच्या धावपट्टीसारखे पांढरे पट्टे दिसतात, आणि ती खरोखरच धावपट्टी असते. १९२८ साली सुरू झालेल्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचं विमान गरज पडली तर थेट हायवेवर उतरतं. पहिल्यांदा ते पट्टे पाहिले तेव्हा काकू म्हणाल्या, “बघ, डॉक्टरला पार्किंग मिळतं. आपल्याला मेलबर्नच्या दवाखान्यात मिळालं नव्हतं.”

याच वाटेवर जगातला सर्वांत लांब गोल्फ कोर्स आहे. अठरा खड्डे, १,३६५ किलोमीटर. सेडूना ते कालगुर्ली अशा वाटेवरच्या गावांत आणि रोडहाउसांत एकेक पसरलेला. २००९ साली तो सुरू झाला तो प्रवाशांनी थांबत थांबत, जागं राहून गाडी चालवावी म्हणूनही. काकांनी वजनापायी दोनच काठ्या आणल्या आहेत. एक खड्डा खेळायचा, काठी ठेवायची, तास-दीड तास गाडी हाकायची, पुन्हा काठी काढायची. मध्ये युक्लाच्या आसपासच्या चिमूटभर वस्तीत घड्याळं पर्थच्या पाऊण तास पुढे असतात. हे पाऊण तासाचं गणित सरकारी नाही, तरी तिथले लोक ते पाळतात. काकूंनी त्यावर तोडगा काढला आहे : रक्तदाबाची गोळी कायम मेलबर्नच्या वेळेने.

आणि याच वाटेवर वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची हद्द. फळमाशी आणि रोगराई येऊ नये म्हणून तिथे प्रत्येक गाडी तपासतात; ताजी फळं, भाज्या, मध, काही आत जाऊ देत नाहीत. कष्टाने विकत घेतलेलं सफरचंद सरकारच्या पिंपात टाकायचं हे मंदीत जन्मलेल्या आईबापांच्या हाताखाली वाढलेल्या पिढीला सोसत नाही. त्यामुळे हद्दीच्या अलीकडच्या मुक्कामावर संध्याकाळी फळाहाराचा महोत्सव भरतो. काका चार केळी, तीन संत्री आणि अर्धा टरबूज संपवतात. काकू उरलेल्या साऱ्या भाज्यांचं सूप करतात, कारण शिजलेल्याला सहसा हरकत नसते. पलीकडून आलेले लोक, ज्यांना सेडूनाच्या नाक्यावर हेच भोगायचं आहे, तेही आपले बटाटे वाटत फिरतात. घेणारं कुणी नसतं. त्या रात्री काकांचं संडासाचं खातं ओव्हरटाइम करतं.

भांडणं होतात. सात मीटरमध्ये रुसून जायचं कुठे, हा प्रश्न आहे. पण मोटरहोमच्या पुढच्या दोन्ही सीट फिरत्या असतात. मुक्कामाला त्या आत वळवल्या की बैठकीची खोली तयार. ज्याचं बिनसलं असेल तो आपली सीट पुन्हा काचेकडे फिरवतो आणि अंधारातल्या वायपरकडे बघत बसतो. चहाचा कप पाठीमागून पुढे येतो. काही वेळाने कुरकुर आवाज करत सीट वळते. काकांनी त्या सीटला मुद्दाम तेल घातलेलं नाही, अशी काकूंची खात्री आहे.

मेलबर्नच्या उपनगरांतल्या कितीतरी मराठी घरांत पुण्या-नाशिकहून आलेले आई-बाबा नातवंडं सांभाळत असतात. त्यांना हे शेजारी समजतच नाहीत. एकाच वयाची दोन जोडपी : एक सात समुद्र ओलांडून नातवाला वरणभात भरवायला आलेलं, दुसरं शेजारच्याच गल्लीत नातू असताना सहा महिन्यांसाठी पसार होणारं. मराठी आजींना सुरुवातीला काकूंची कीव येते : मुलं विचारत नसतील बिचारीला. कुंपणापलीकडून गाडीचं आतलं दर्शन झाल्यावर मात्र सूर बदलतो. ओटा लहान आहे, फ्रीज लहान आहे, पाहुणा उतरायला जागाच नाही. यातला शेवटचा मुद्दा त्या आजोबांना रात्री पुन्हा एकदा, जरा वेगळ्या आवाजात, सांगतात.

खरं तर काका-काकू मुलांकडे जातातही. ब्रिस्बेनला मुलगा आहे, त्याच्याकडे आठवडाभर राहतात. पण झोपतात त्याच्या दारात उभ्या केलेल्या आपल्याच गाडीत. सूनबाईंनी पाहुण्यांची खोली आवरून ठेवलेली असते. दुसऱ्या दिवसापासून नातवंडंही उशा घेऊन गाडीत येतात, आणि पाहुण्यांच्या खोलीत मुलगा लॅपटॉप घेऊन बसतो.

ऑगस्टमध्ये ही मंडळी ब्रूम, डार्विन, करुंबा अशा उबदार टोकांना साचलेली असतात. त्यातला एक दिवस कपड्यांचा. पार्कच्या लाँड्रीतली मशिनं नाण्यांवर चालतात, म्हणून काकू वर्षभर एक आणि दोन डॉलरची नाणी कॉफीच्या डब्यात जमवतात. त्या डब्याच्या वजनाबद्दल बोलायला काकांना बंदी आहे. मशीन फिरत असताना काका भिंतीवरचा फळा वाचतात. तिथे वाचून झालेल्या रहस्यकथांच्या फळीच्या वर टाचणीने लावलेल्या जाहिराती असतात : मोटरहोम विकणे आहे, एका हाताची, जपून वापरलेली, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे. मोटरहोम विकणे आहे, पत्नीला आता लांबचा प्रवास झेपत नाही. मोटरहोम विकणे आहे, भांड्यांसह. काका चष्मा वर करून किलोमीटरचा आकडा बघतात, किंमत बघतात, फोटोतले टायर बघतात.

“काय म्हणतोय?” काकू विचारतात.

“फार मागतोय,” काका म्हणतात. “आणि टायर बघ त्याचे. आपले याच्यापेक्षा बरे आहेत.”

मग ते पुढच्या मशीनसाठी दोन डॉलर मागतात, आणि काकू कशासाठी ते आधी विचारतात.