निशाणी पाचवाले नाना

तालुक्याच्या कोर्टात काळे कोट पुष्कळ असतात, पण त्यांच्या मागे खिशाला दोन पेनं आणि काखेत फायलींचा गठ्ठा घेऊन चालणारा पांढऱ्या सदऱ्यातला माणूस नसेल तर दुपारपर्यंत सगळेच उघडे पडतील. हा वकिलाचा कारकून. पाळण्यातलं नाव काहीही असो, बाररूममध्ये तो नाना. कायद्याची पदवी नाही. पण साहेब युक्तिवादात अडखळले की मागच्या बाकावरून "निशाणी पाच, साहेब" अशी कुजबुज येते, ती नानांची. दिवाणी दाव्यात तात्पुरत्या मनाईचा अर्ज सहसा निशाणी ५ वर सापडतो, हे साहेबांना कॉलेजात कुणी सांगितलेलं नसतं. नानांनी सांगितलेलं असतं.

नानांची विद्या सगळी हातातली. दाभण समासात कुठं टोचायचं, वकालतनाम्यावर तिकीट कुठं चिकटवायचं, नकलेचा अर्ज कोणत्या टेबलावर झोपतो आणि त्याला जागं कसं करायचं. खटले त्यांना नंबरानं आठवत नाहीत. "ती विहिरीची," "ती बांधाची," "ती मेव्हण्याची" एवढ्यावर कपाटातून बरोबर गठ्ठा निघतो. आता प्रत्येक प्रकरणाला सीएनआर क्रमांक असतो: सोळा अक्षरं-आकडे, सुरुवातीला राज्य आणि जिल्हा, शेवटी साल. नाना तो डायरीत उतरवतात आणि पुढं कंसात लिहितात: विहीर.

ही इलेक्ट्रॉनिक भानगड तशी नवी नाही. सर्वोच्च न्यायालयानं ई-फायलिंगची सोय केली ती २ ऑक्टोबर २००६ ला. खालच्या कोर्टांत संगणक नेणारा ई-कोर्ट्स प्रकल्प सुरू झाला २००७ मध्ये. पण दिल्लीचा पाऊस तालुक्याला पोचायला वेळ लागतो. नानांना पहिला खरा धक्का बसला तो कागदाचा. सर्वोच्च न्यायालयानं लांबलचक लीगल कागद सोडून ए-फोर आकार आणि पाठपोट छपाई लागू केली, १ एप्रिल २०२० पासून. तारीख बघून नानांना वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. पाठपोट? मग साहेबांनी आयत्या वेळी सुचलेला मुद्दा लिहायचा कुठं?

पोर्टलवर दावा भरायचा म्हणजे आधी सगळं स्कॅन करायचं. तेही नुसता फोटो चालत नाही; मजकूर शोधता येईल अशी पीडीएफ हवी. टाइप केलेल्या दाव्याचं जमतं. पण पक्षकार पणजोबांचं मोडीतलं खरेदीखत घेऊन येतो. यंत्र ते वाचतं आणि त्याचं जे काही करतं, ते बघून मोडी न येणाऱ्या नानांनाही मोडीची दया येते. बुकमार्क मात्र त्यांना चटकन समजले. जन्मभर ते कागदाच्या चिठ्ठ्या अडकवत आले होते, तेच हे. फरक एवढाच की पंख्यानं उडत नाहीत.

खरी कसोटी सहीची. आधारवरून ई-सही करायची तर ओटीपी येतो साहेबांच्या मोबाइलवर, आणि साहेब त्या वेळी नेमके उलटतपासात उभे. मोबाइल बंद करून कोटाच्या आत. नाना दाराशी उभे राहून बोटांनी सहा आकडे मागतात. साहेबांना वाटतं, सहा महिन्यांची तारीख मागायला सांगतायत. ते मागतात. मिळतेही!

म्हणून दुसरा मार्ग: डिजिटल सहीचं टोकन. अंगठ्याएवढं पेनड्राइव्हसारखं यंत्र, साहेबांच्या नावाचं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० सांगतो की सहीची ही खासगी चावी ज्याची त्यानं आपल्याच ताब्यात ठेवायची. साहेब हा कायदा ज्युनिअरांना सुरेख समजावून देतात. टोकन नानांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतं, तिजोरीच्या आणि लुनाच्या किल्लीच्या मधोमध. पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर, "वाणी – उधारी" या शीर्षकाखाली.

समन्स बजावणीबद्दल नानांची मतं कडक आहेत. बेलिफ जायचा, दार बंद असायचं, मग समन्स दाराला चिकटवून दोन साक्षीदारांची नावं लिहून आणायचा. त्यात एक दिवस, एक चहा आणि बरीच गावखबर असे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ करून पाठवलेली नोटीस बजावली गेली असं धरलं, कारण निळ्या खुणा दिसत होत्या; नोटीस नुसती पोचली नव्हती, उघडलीही गेली होती. पुढं जुलै २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, सर्वोच्च न्यायालयानंही ईमेल-व्हॉट्सअॅपनं बजावणीला वाट करून दिली. नानांनी हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी आपल्या सगळ्या पक्षकारांना निळ्या खुणा बंद कशा करायच्या ते शिकवलं. समोरच्या पक्षाच्या कारकुनानं तेच आधीच्या दिवशी शिकवलेलं होतं.

मुदतीचं गणितही बदललं. पूर्वी शेवटच्या दिवशी टेबलावरचा कारकून उठेपर्यंत मुदत असे, आणि त्याला चहाच्या बोलीवर दहा मिनिटं बसवून ठेवणं नानांच्या हातात होतं. आता ती रात्री बारापर्यंत लांबली. म्हणजे साहेब कैफियत लिहायला घेतात रात्री नऊला. साडेअकराला पडद्यावर चकती गरगरायला लागते. सर्व्हरला चहा पाजता येत नाही, याचं नानांना मनापासून वाईट वाटतं. मग ते विलंबमाफीचा अर्ज टाइप करून ठेवतात, बाराच्या आधीच.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. नानांनी बातमी दोनदा वाचून ज्युनिअर मॅडमना विचारलं, "यात सुतळी धरलीय का हो?"

प्रश्न अगदीच वेडा नव्हता. दावा पोर्टलवर चढतो, पोचपावती येते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दाव्याच्या छापील प्रती काउंटरवर मागितल्या जातात. नाना त्या आणतातच, दाभणानं शिवून, समास सोडून. काउंटरवरचा माणूस पहिल्या पानावर ई-फायलिंगचा क्रमांक घालायला सांगतो. नाना खिशातलं पेन काढतात आणि हातानं लिहितात.